आधी गिऱ्हाईक शोधा, मग जागा घ्या: गुंतवणूक म्हणून फ्लॅट-प्लॉट घेणाऱ्यांसाठी

२०१३ च्या एका रविवारी फुकटच्या बसमधून मी प्लॉट बघायला गेलो. पुण्याच्या पूर्वेला, तालुक्याच्या गावाबाहेरचा माळ. चुन्याच्या रेघा मारलेल्या, कडेने रंगीत झेंडे, मांडवात पोहे आणि चहा. "साहेब, पुढच्या वर्षी इथून रिंगरोड जाणार," असं सांगणारा पोरगा इतका गोड बोलायचा, की दुपारी दोनच्या आत मी अकरा हजारांचं टोकन देऊन मोकळा झालो. गावाकडची शेती नावावर असल्याने शेतजमीन घ्यायला मला कायद्याने अडचण नव्हती. दोन गुंठे मिळाले, आणि सातबाऱ्यावर माझ्या जोडीला आणखी बावीस नावं.

सहा वर्षांनी मुलीच्या ॲडमिशनसाठी तो विकायला काढला. तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही भाव पटला आणि तिघांनाही बँकेने कर्ज नाकारलं. जमीन बिगरशेती नाही, लेआउट मंजूर नाही, हिस्सा वेगळा नाही. शेवटी शेजारच्या प्लॉटवाल्याने माझी निकड ओळखून भाव पाडला आणि घेतला. मुद्दल तेवढं सुटलं.

त्यानंतर मी एक फ्लॅट आणि एक गाळा घेतला. दोन्ही वेळा ब्रोकरला पहिला प्रश्न एकच होता: हे उद्या माझ्याकडून घेणार कोण, आणि त्याची बँक याला कर्ज देईल का? खाली जे लिहितोय ते याच प्रश्नाच्या मागे लागून शिकलेलं आहे. ते महाराष्ट्रापुरतं आहे, कारण जमिनीचे कायदे आणि कागद राज्यागणिक बदलतात.

पहिलं काम: विकणार कुणाला ते ठरवा

गुंतवणूकदार म्हणून तुम्ही जागेचे मधले मालक. शेवटचा मालक तिथे राहणारा, दुकान टाकणारा किंवा घर बांधणारा असतो. तो डोळ्यांसमोर आणा. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावरचा वन किंवा टू बीएचके घेणारा नोकरदार कर्जावरच घेतो, म्हणून असा फ्लॅट कागद स्वच्छ असतील तर विकला जातो. अडीच-तीन कोटींच्या फ्लॅटला गिऱ्हाइकं थोडी आणि ती चिकित्सक. बिगरशेती प्लॉट घेणाऱ्याला घर बांधायचं असतं. त्याला पाणी, रस्ता आणि बांधकाम परवानगी मिळेल का, एवढंच बघायचं असतं. गाळ्याचं गिऱ्हाईक भाड्याचा करारनामा बघून किंमत करतं. चांगला भाडेकरू बसलेला गाळा विकायला सोपा. पण रिकामा पडला की महिनोन् महिने पडतो, तेवढी कळ सोसायची तयारी हवी.

ज्यांना कागदांच्या आणि भाडेकरूंच्या मागे धावायचंच नाही, त्यांच्यासाठी शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मोठ्या मालमत्ता घेणारे ट्रस्ट. त्यातलं पहिलं २०१९ मध्ये आलं. डीमॅट खात्यातून थोड्या पैशात घेता-विकता येतात. त्यांचा भाव बाजारासारखा वर-खाली होतो हे धरून चालायचं. त्याबद्दल इथे एवढंच.

दुसरं काम: कागदावर आकडा मांडा

हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात. "साठचा घेतला, पाच वर्षांत पंच्याऐंशीला जाईल" एवढ्यावर बेत होतो. एक उदाहरण पुरतं मांडून दाखवतो. आकडे समजुतीपुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पुणे महापालिका हद्दीतला ६० लाखांचा रीसेल फ्लॅट, खरेदी पुरुषाच्या नावावर. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४.२० लाख. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. ब्रोकर १ टक्का, ६०,०००. रंग, पंखे, किचन ट्रॉली, गळकं बाथरूम मिळून २ लाख. एकूण ६७.१० लाख. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे इथे ६०,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली. फ्लॅट बांधकाम चालू असलेल्या इमारतीत असता तर ५ टक्के जीएसटी, ३ लाख, वेगळा लागला असता. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही.

बँक ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही. कर्ज ४८ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के: हप्ता ४१,६५६. पहिल्या हप्त्यातले ३४,००० व्याजात जातात. बाकीचे १९.१० लाख खिशातून.

भाडं १७,००० धरू, वर्षाचे २,०४,०००. त्यातून मेंटेनन्स ३०,०००, मिळकत कर १२,०००, एक महिना रिकामा राहिला ते १७,०००, नवा भाडेकरू आणणाऱ्या ब्रोकरला ८,५००, किरकोळ दुरुस्ती ८,०००. हाती राहतात १,२८,५००. गुंतवलेल्या ६७.१० लाखांवर हा परतावा दोन टक्क्यांनाही पोचत नाही.

आता पाच वर्षांनंतरचं चित्र. हप्त्यापोटी तुम्ही भरलेत जवळपास २५ लाख, आणि कर्ज शिल्लक आहे ४२.३० लाख. म्हणजे मुद्दल उतरलं फक्त ५.७० लाखांनी. सुरुवातीचे १९.१० आणि हप्त्यांचे २५ मिळून ४४.१० लाख खिशातून गेले, भाड्यातून ६.४० परत आले. उरलेले ३७.७० लाख आणि बँकेचे ४२.३० लाख सुटायला फ्लॅट ८० लाखांना विकला पाहिजे. साठाचे ऐंशी होऊनही तुमच्या पैशावर एक रुपया कमाई नाही, विकतानाची दलाली वेगळीच. म्हणजे दरवर्षी भाव सुमारे ६ टक्के वाढला तर तुम्ही जिथल्या तिथे.

हे मांडल्यावर दोन गोष्टी कळतात. पहिली, गुंतवणुकीच्या फ्लॅटसाठी कर्ज कमी घ्यावं. दुसरी, घेतानाच भावात घासाघीस करून मिळालेले तीन-चार लाख किती मोलाचे असतात! घासाघिशीआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्याच इमारतीतल्या गेल्या वर्षभरातल्या खरेदीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, काढा. लोकांनी खरंच किती पैसे मोजले ते त्यात दिसतं. ब्रोकर सांगतो तो "चालू भाव" आणि इंडेक्स टूमधला आकडा शेजारी ठेवले की बोलणी आपोआप जमिनीवर येतात.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही बघून ठेवा. करारातली किंमत त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल, तर फरकावर घेणाऱ्यालाही आयकर लागू शकतो. "थोडे रोख देऊ" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय रोख दिलेला पैसा तुमच्या खरेदीखर्चात धरला जात नाही. पुढे विकताना त्यावरचा कर तुमच्याच माथी.

तिसरं काम: कागद

जागा बघायला जाण्याआधी कागद मागवा. ब्रोकरला हे आवडत नाही. "आधी बघा तर खरं," म्हणतो. बघितलं की मन बसतं आणि मन बसलं की कागदातली खोट बारीक वाटायला लागते.

फ्लॅट असेल तर काम तुलनेने सोपं. नव्या प्रकल्पाचा महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर जाऊन मंजूर आराखडा, पूर्णत्वाची तारीख, तारखेला किती वेळा मुदतवाढ घेतली, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, एकूण किती फ्लॅट विकले गेले, हे वाचा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका, दोन्ही असतील तर नोंदणी सक्तीची आहे, प्लॉटच्या लेआउटलाही. ब्रोकरचीही महारेरा नोंदणी लागते. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. "वीस भरा, मग ॲग्रीमेंट करू" ऐकलंत की निघा. भाव विचारताना कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर, विचारा. सुपर बिल्टअपचा आकडा ऐकायलाच मोठा असतो.

रीसेल फ्लॅटसाठी बिल्डरच्या पहिल्या करारनाम्यापासून आजच्या मालकापर्यंतची सगळी साखळी लागते, प्रत्येक करार नोंदणी पावतीसह. मधला एक हरवला असेल तर नोंदणी कार्यालयातून नक्कल निघते, पण ती आधी काढायला लावा, तुमच्या पैशांनंतर नाही. भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला हवा. जुनी इमारत असेल तर एक प्रश्न नक्की विचारा: जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? अभिहस्तांतरण राहिलं असेल तर पुढे पुनर्विकासात तेच आडवं येतं. बिल्डर सही करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची वाट आहे, पण त्यात बराच वेळ जाऊ शकतो.

जमीन म्हटली की सावकाश वाचायचं. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचाच काढा, १५ रुपये लागतात. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा. मी सातबारा उजवीकडून वाचतो, म्हणजे आधी "इतर हक्क" ही चौकट. तिथे बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, "पुनर्वसनासाठी राखीव", "विक्रीस बंदी", विहिरीतला हिस्सा, बहिणींचा वारसा हक्क असं काय काय दडलेलं असतं. मग भूधारणा पद्धती. भोगवटादार वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. देवस्थान इनाम, वतन, कुळकायद्याने मिळालेली जमीन, सरकारने दिलेली जमीन, यांचा इतिहास वकिलाकडून काढल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

नावांपुढची लघुरूपं बघा. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता: हिश्श्यात अल्पवयीन मूल आहे आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव एकाचं आणि हक्क सगळ्यांचा. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे. "बहिणीला काही नको, तोंडी सांगितलंय" याला अर्थ नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. नाहीतर बहिणींनाच सहीला बोलवा, प्रवासखर्च तुम्ही द्या. तो स्वस्त पडतो.

सातबाऱ्यावरचे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) क्रमांक एका कागदावर उतरवून काढा आणि गाव नमुना सहामधले ते फेरफार एकेक वाचा. जमीन या माणसाकडे कशी आली, हे तिथेच कळतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकील देतो. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देईल. रिपोर्ट कोण देतो याला महत्त्व आहे. विक्रेत्याने सुचवलेला वकील नको, बँकेच्या पॅनेलवरचा घ्या. तुम्हाला कर्ज नको असलं तरी बँकेत अर्ज टाकून बघायला हरकत नाही. प्रोसेसिंग फी जाईल, पण बँकेने नाकारलं तर तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाची बँक काय करणार ते आजच कळलं.

क्षेत्र मोजताना घोळ होतो तो एककांचा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, बोलणी गुंठ्यात आणि जाहिरात चौरस फुटात. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, एक आर साधारण १,०७६. "एक आर म्हणजे एक गुंठाच" म्हणणारा तुम्हाला गुंठ्यामागे तेरा फूट कमी देतो. चाळीस गुंठ्यांत ते अर्ध्या गुंठ्याच्या आसपास जातं.

शेतजमीन घ्यायला शेतकरी असण्याचा पुरावा लागतो, १९४८ च्या कुळकायद्यामुळे. शेतकरी नसाल तर परवानगी किंवा बिगरशेती जमीन. आणि तुकडेबंदी: १९४७ चा कायदा, प्रमाणभूत म्हणजे किमान क्षेत्र आता बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १०. त्यापेक्षा लहान तुकड्याची खरेदी नोंदवताना अडचण येते. शहरी आणि प्राधिकरणांच्या क्षेत्रातले जुने तुकडे नियमित करण्याची वाट २०२५ मध्ये सरकारने मोकळी केली, हे खरं. पण त्या घोषणेच्या जोरावर आजही चुन्याच्या रेघा मारल्या जातात. तुमचा गट नंबर त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या. प्लॉटसाठी माझी अट आता साधी आहे: बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट आणि स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका. तिन्ही नसतील तर पोहे खाऊन परत.

कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नी) "मालकी" देणारे अजून भेटतात. अशा कागदाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. नोंदणीकृत खरेदीखतच हवं.

चौथं काम: जागेवर, पण एकट्याने

ब्रोकरबरोबर एकदा, मग त्याच्याशिवाय दोनदा जा. एकदा पावसात. फ्लॅटच्या छताच्या कोपऱ्यात ओल दिसते, प्लॉटवर पाणी कुठून वाहतं ते दिसतं. एकदा रात्री आठनंतर. वॉचमनशी बोला: टँकर आठवड्यातून किती येतात, लिफ्ट कधी बंद असते, कुठल्या मजल्यावरचे फ्लॅट रिकामे आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा वॉचमन खरं सांगतो.

जमिनीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून करून घ्या. फी भरा, तातडीची असेल तर जास्त. मोजणीदार येतो तेव्हा शेजारचे शेतकरी बांधावर उभे असतात. त्यांचे चेहरे वाचायचे. "ही हद्द अशी नाही" हे वाक्य त्या दिवशी ऐकलेलं बरं. हद्दीच्या खुणा झाल्यावर मोजणी नकाशाची "क" प्रत मिळते ती जपून ठेवा. आणि रस्ता! नकाशावर रस्ता आहे का, की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर बैलगाडी जाते, ते बघा.

पाचवं काम: इसार ते खरेदीखत

इसार पावती साध्या कागदावर नको. चेकने द्या. पावतीत लिहून घ्या: मालकीहक्क निर्वेध न निघाल्यास इसार इतक्या दिवसांत परत. या एका ओळीसाठी विक्रेता कुरकुर करतो. करू द्यावी.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. विक्रेता परदेशी राहणारा असेल तर टीडीएसचा दर वेगळा आणि बराच मोठा असतो. दादर-ठाण्यातले कितीतरी फ्लॅट आता अमेरिका-दुबईतल्या मुलांच्या नावावर आहेत, तेव्हा विक्रेत्याचं निवासी स्थान आधी विचारा. अशी मुलं कुलमुखत्यारपत्रावर भावाला सही करायला पाठवतात. ते पत्र तिकडच्या भारतीय दूतावासात साक्षांकित झालेलं आणि इथे मुद्रांकित झालेलं आहे का ते वकिलाला बघू द्या.

खरेदीखत झालं की संपलं, असं नाही. जमिनीचा फेरफार तलाठ्याकडे पडतो (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तोंडात अजून तलाठीच), नोटिशीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सातबाऱ्यावर तुमचं नाव दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघत राहा. फ्लॅटला सोसायटीचं हस्तांतरण, मिळकत कर आणि वीज मीटर, तिन्ही आपल्या नावावर करा.

भाड्याने देताना

नोटरीचा करारनामा पुरेसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते, मुद्रांक शुल्क पाव टक्का. दर वर्षीच्या भाडेवाढीचा आकडा करारातच घाला. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्काच्या नावाने दुप्पट मेंटेनन्स मागत असेल तर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा दाखवा. माझ्या सोसायटीत हा कागद दाखवल्यावर दोन महिने कुणी बोललं नाही, पण बिल कमी झालं.

भाड्यावर कर भरताना मिळकत कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत. नव्या करप्रणालीत मात्र कर्जाच्या व्याजाने झालेला तोटा पगारातून वजा होत नाही. "होम लोनने टॅक्स वाचतो" हे जुनं गणित तपासूनच धरा.

विकायची वेळ

दोन वर्षांच्या आत विकलंत तर नफा तुमच्या उत्पन्नात मिसळून स्लॅबप्रमाणे कर. दोन वर्षांनंतर दीर्घ मुदतीचा, १२.५ टक्के, महागाईचा निर्देशांक न धरता. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या मालमत्तेवर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला निर्देशांक धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे. दोन्ही गणितं सीएकडून मांडून घ्या, फरक लाखांत येतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली खरेदीखर्चात धरतात, म्हणून त्या पावत्या लागतात. नफा ठरावीक अटी पाळून दुसऱ्या घरात किंवा सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी रोख्यांत गुंतवला तर कर वाचतो.

माझा गाळा गेल्या वर्षी विकला. घेणाऱ्याचा वकील दोन तास बसला, साखळीतले करार, मिळकत कराच्या पावत्या, भाडेकरूचा नोंदणीकृत करार एकेक बघत. शेवटी त्याने विचारलं, "बाकी काही लपवलंय का?" मी म्हटलं, "शटर पावसाळ्यात अडकतं." त्याचे त्यांनी भावातून चार हजार कापून घेतले.